कमी वापराचा हात

डावा हात गेला तेव्हा गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी बिनपाण्याचं अभिनंदन केलं.

"नशीब म्हणायचं, डावा गेला," किराणावाला म्हणाला. "उजवा शाबूत आहे ना, मग झालं तर," असं शिंपी म्हणाला. तो तर हातावर पोट असलेला माणूस, त्याला तरी अक्कल असायला हवी होती. मोठ्या डॉक्टरांनी खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तेच सांगितलं, फक्त शुद्ध भाषेत. बिनपाणी उताणा पडून ऐकत होता. तोंडाची डावी बाजू उतरली होती, शब्द ओठांतून सांडत होते, नाहीतर त्याने एकेकाची तिथल्या तिथे केली असती.

काय केली असती ते सांगायला नको. हा माणूस चाळीस वर्षं सलूनमध्ये लोकांची हजामत पाण्याने करत आला होता आणि त्याच वेळी, त्याच खुर्चीवर, तोंडाने बिनपाण्याने. गाल आणि अब्रू दोन्ही साफ करून द्यायचा. समोर सगळे त्याला 'दादा' म्हणत आणि पाठ वळली की 'बिनपाणी'. त्याला दोन्ही नावं माहीत होती आणि दुसरं जास्त आवडत होतं. तरी लोक यायचे, कारण त्याच्यासारखी दाढी दुसरीकडे होत नव्हती. संध्याकाळी गालावर हात फिरवला तरी सकाळचीच वाटायची.

आता ही दाढी उजवा हात करतो अशी जगाची समजूत आहे. असायचीच, जग दाढी करून घेतं, करत नाही. वस्तरा धरणाऱ्या हाताला एकच काम, धार तिरकी ठेवायची आणि चालत राहायचं. कुणीही आठवड्यात शिकेल. पण माणसाची कातडी म्हणजे काही इस्त्रीची चादर नव्हे. गाल मऊ, हनुवटी खड्ड्याखळग्यांची, आणि म्हाताऱ्याचा गळा तर विचारूच नका. ती कातडी ताणतो डावा हात. अंगठा खाली, दोन बोटं वर, मधे दोन बोटांची जागा, आणि त्या जागेत इतकाच ताण की केस उभा राहावा आणि माणसाला कळू नये. ताण कमी पडला तर वस्तरा अडखळतो, जास्त झाला तर माणूस कण्हतो. उजवा नुसता चालतो. रस्ता डावा करतो. बिनपाण्याचं सगळं नाव, सगळा माज त्या डाव्या अंगठ्यावर उभा होता, आणि गाढवं त्याला पेढे मागायच्या सुरात सांगत होती की नशीब, डावा गेला.

अर्धांगाचा झटका आला तोही दाढी करतानाच. एका गिऱ्हाइकाचा अर्धा चेहरा झाला होता आणि डावा हात गालावरून घसरून खाली लोंबला. बिनपाण्याला काही कळायच्या आत उजव्याने वस्तरा उचलला, हवेत धरला, आणि मगच तो खाली बसला. गिऱ्हाइकाला ओरखडा नाही. उरलेला अर्धा चेहरा धाकट्याने केला. दवाखान्यात शुद्ध आल्यावर बिनपाण्याने पहिली चौकशी त्या अर्ध्या चेहऱ्याचीच केली, आणि धाकट्याने केला म्हटल्यावर डोळे मिटून घेतले.

धाकटा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. दोन नंबरच्या खुर्चीवाला. तीस वर्षं तो थोरल्याच्या गिऱ्हाइकांना फेस लावून देत होता, टॉवेल गरम करत होता, केस झाडत होता, आणि त्यातून वेळ उरला की स्वतःच्या खुर्चीवर मशीन फिरवत होता. म्हाताऱ्यांचे गळे त्याच्याकडे कधी आले नाहीत. ते थोरला स्वतः घ्यायचा. बापाने दोघांना शिकवलं ते फुग्यावर; फुगवलेल्या फुग्याला फेस लावायचा, डाव्या हाताने धरायचा आणि फेस वस्तऱ्याने काढायचा. थोरला तीन महिने फुगे फोडत बसला होता. धाकट्याला बापाने चौथ्या दिवशीच उठवलं, म्हणाला, "पुरे. जा." बिनपाण्याने त्याचा अर्थ तेव्हाच लावून टाकला होता: बापाने या दगडाचा नाद सोडला.

पाय दोनेक महिन्यांत सुधारला. तोंडही सुधारलं, म्हणजे आधीसारखं बिघडलं. हात मात्र तसाच राहिला. आधी तो ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता आणि मग हळूहळू आखडला. कोपर वाकलं, बोटं आत वळली, अंगठा मुठीच्या आत जाऊन बसला. मग रोज सकाळी व्यायामकेंद्र सुरू झालं.

केंद्र म्हणजे दवाखान्याच्या मागच्या बाजूची लांबट खोली. टेबलं, रबरी चेंडू, रंगीत प्लास्टिकचे शंकू एकात एक घालायला, भोकांची फळी आणि तिच्यात बसवायच्या खुंट्या, एक मोठा आरसा, आणि भिंतीवर एक घड्याळ जे सगळ्यांपेक्षा हळू चालायचं. तिथली व्यायामवाली मुलगी शिकलेली, चुणचुणीत, आणि तिला प्रत्येक गोष्टीत 'छान' म्हणायची खोड. पहिल्या दिवशी तिने फाइल उघडली आणि बिनपाण्याने वर मान करून वाचलं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: 'बाधित हात: डावा (कमी वापराचा हात)'.

"पोरी, हे खोड," तो म्हणाला.

"काय काका?"

"कमी वापराचा. कुणी सांगितलं तुला?"

"अहो, सगळ्यांसाठी तसंच लिहितात. तुम्ही उजव्या हाताने लिहिता ना? जेवता ना?"

"जेवतो. जेवायला हातच लागतो असंही नाही. गाढव बिनहाताचं जेवतं."

तिने खोडलं नाही. छापील पद्धत होती. बिनपाण्याने त्याच दिवशी ठरवून टाकलं की या खोलीत अक्कल नावाची वस्तू नाही.

त्याचा दोष असा की त्याला दुसऱ्याचं मूर्खपण लगेच दिसायचं आणि ते खरंही असायचं. प्लास्टिकचे शंकू रचायला लावले तर म्हणायचा, "हे झालं की लाळेरं बांधा." चेंडू दाबायला दिला तर म्हणायचा, "मूठ मिटतेच आहे, उघडत नाही ते बघ," आणि यात तो बरोबर होता, मुलीने चेंडू काढून घेतला. ती चुकली की कबूल करायची. हा गुण त्याला दिसला नाही, कारण त्याच्या घरात तो कुणाकडे नव्हता.

मग तिने आरसा आणला. टेबलावर आरसा उभा ठेवायचा, आजारी हात त्याच्या मागे लपवायचा, चांगला हात पुढे ठेवायचा, आणि आरशात बघत चांगल्या हाताची बोटं उघडायची, मिटायची. आरशात तो हात डावा दिसतो. बघता बघता मेंदू फसतो, त्याला वाटतं डावाच हलतोय, आणि कधीकधी खरोखरचा डावा त्याच्या मागून हलायला लागतो. पुष्कळांना गुण आला होता. शेजारच्या टेबलावरचे निवृत्त साहेब, ज्यांचा उजवा गेला होता, ते त्या आरशात बघून डोळ्यांत पाणी आणायचे.

बिनपाण्याने बघितलं आणि हसायला लागला.

"चाळीस वर्षं आरशासमोर उभा आहे मी. गिऱ्हाईक आरशात बघून डावीकडे म्हणतं आणि त्याच्या मनात उजवीकडे असतं. एकदाही चुकलो नाही. आणि तू मला आरशाने फसवणार?"

"काका, फक्त बघत राहा. विचार करू नका."

"करंगळीशी घट्टा बघ. वस्तऱ्याचा दांडा टेकून टेकून पडलाय तो. हा उजवाच आहे माझा. डाव्याचे कपडे घालून आलाय."

पंधरा दिवस तिने प्रयत्न केला. ज्या फसवणुकीने इतरांचे हात हलले ती याच्यापुढे टिकली नाही, कारण ज्या माणसाने आयुष्यभर आरशाला स्वतःला फसवू दिलं नाही, तो आता मेहेरबानी म्हणूनही फसायला तयार नव्हता. हुशारी नडली. हुशारी अशी बऱ्याच जणांना नडते आणि ते तिलाच अंगारा समजून लावत बसतात.

पाचव्या महिन्यात भिंतीचा प्रकार झाला. भिंतीवर एक लाकडी पट्टी होती, तिला बारीक खाचा, आणि बोटांनी एकेक खाच चढत हात वर न्यायचा. बिनपाण्याची बोटं चढायची कुठली. तो उजव्याने डाव्याला ढकलत मुठीनेच भिंत घासत उभा होता. मागून निवृत्त साहेब मोठ्याने म्हणाले, "वा! रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी!"

सगळी खोली हसली. मुलगीही हसली, मग तिने ओठ चावला, पण हसली होती. म्हण जुनी, प्रसंग अगदी नेमका, आणि झाली ती बिनपाण्याचीच हजामत. आयुष्यभर लोकांची करणाऱ्याची सहीदेखील न करता येणाऱ्या एका माणसाने केली. दुसरा कुणी असता तर त्याने हसून सोडून दिलं असतं. बिनपाणी घरी आला आणि म्हणाला, "उद्यापासून जाणार नाही. शहाण्या माणसाची जागा नाही ती."

तीन आठवडे तो खिडकीशी बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या दाढ्यांना नावं ठेवत राहिला. स्वतःची मात्र वाढली होती. एका हाताने करायला गेला तर गाल पुढे पळायचा आणि वस्तरा मागे राहायचा. दोनदा कापून घेतल्यावर त्याने नाद सोडला. दुसऱ्या कुणाच्या हाती गाल द्यायचा प्रश्नच नव्हता. "बिनपाण्याला दाढी आली," गल्लीत पोरंटोरं म्हणायची. तीन आठवड्यांत मूठ दगडाची झाली. नखं तळव्यात रुतायला लागली, आतून वास यायला लागला. बायको रोज कोमट पाण्याचं भांडं घेऊन बसायची आणि एकेक बोट सोडवून धुवायची.

"अहो, इतकी वर्षं तुमचं तोंड मिटत नव्हतं," ती म्हणाली, "आता मूठ उघडत नाही. देवाने आणखी काय करायचं म्हणजे तुम्हाला कळेल?"

"काय कळायचंय?"

"की त्या मुलीकडे तुम्ही हातासाठी जाता, परीक्षक म्हणून नाही."

बोट दुखतंय म्हणून त्याने हात ओढून घेतला.

त्याच संध्याकाळी धाकटा घरी आला. चप्पल काढली, बसला, पाणी प्यायला, पुन्हा पाणी मागितलं. एवढं पाणी पितोय म्हणजे काहीतरी आहे हे बिनपाण्याने ओळखलं.

"दादा, दुकानात केस धुवायचं बेसिन बसवायचं म्हणतोय. हल्ली सगळीकडे आहे. जागा एकच आहे, एक नंबरची."

एक नंबरची खुर्ची बापाची. लोखंडी, जड, काचेच्या दाराशी, उजेडात. हात गेल्यापासून तिच्यावर टॉवेलांची चळत होती. बिनपाण्याला पक्कं ठाऊक होतं की ती खुर्ची गेली की आपण म्हणजे खिडकीत बसलेला एक दाढीवाला म्हातारा. बाकी काही नाही. ज्याची सगळ्या गल्लीने कीव करावी आणि ज्याच्या बोलण्याला यापुढे धार नसून नुसता कुरकुर असा आवाज असावा.

"एक वर्ष," तो म्हणाला. "आजपासून. त्या खुर्चीवर गळ्यासकट एक आख्खी दाढी केली नाही, तर दे भंगारात."

"कुणाची दाढी?"

"तुझीच. मला दुसरं कोण मान देणार आहे?"

धाकट्याने आपल्या गळ्यावरून हात फिरवला आणि "बरं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बिनपाणी केंद्रात हजर. मुलीने 'कुठे होतात' विचारलं नाही, 'माफ करा' तेवढं म्हणाली. तिने मूठ बघितली आणि पहिल्यांदाच 'छान' म्हणाली नाही. मग सगळं पहिल्यापासून. गरम पाणी, रोज तासभर तळहात टेबलावर सपाट दाबून बसणं, रात्री बोटं सरळ ठेवणारी फळी, दार उघडायचं तर डाव्याने, पेला धरायचा तर डाव्याने, सांडला तर सांडू दे. दोन महिन्यांत मूठ सैल पडली. पण अंगठा आतला बाहेर येईना. सकाळचं केंद्र झालं की तो दुकानात जाऊन बाकावर बसायचा, आजारी हात मांडीवर, आणि आरशात धाकट्याचं काम बघायचा. बघायचा म्हणजे नावं ठेवायचा.

एक दिवस धाकटा एकाचा गाल करत होता. घाईत असेल, अंगठा जबड्याच्या कडेवर न टेकवता वरच ठेवला.

"अंगठा खाली!" बिनपाणी बाकावरून ओरडला. "खाली, गाढवा! जबड्याखाली! बापाने काय फुगे खायला दिले होते तुला?"

"काका," शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं, "तेवढा पेपर सोडता का? मी वाचतोय."

बिनपाण्याने खाली बघितलं. पेपरचा कोपरा त्याच्या डाव्या अंगठ्याखाली होता आणि अर्धा फाटला होता. अंगठा बाहेर होता, खाली टेकला होता, जबड्यावर टेकावा तसा.

त्याने पुन्हा हलवून बघितला. हलेना. विनवून झालं, दमदाटी करून झाली. हलेना. त्याने वर बघितलं तर आरशात धाकटा त्याच्याकडे बघत होता. धाकट्याने नजर वळवली, दाढी संपवली, पैसे घेतले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या गालावर अंगठा पुन्हा चुकीच्या जागी ठेवला.

"अरे खाली म्हणतो ना!"

पेपर पुन्हा सरकला.

दोन दिवसांनी व्यायामवाली मुलगी स्वतः दुकानात आली. कुणी सांगितलं ते बिनपाण्याने विचारलं नाही. चांगल्या गोष्टी त्याच्याबाबतीत आपोआप घडतात असं तो धरून चालायचा. ती बाकावर त्याच्याशेजारी तासभर बसली. धाकटा दाढ्या करत होता, थोरला शिव्या घालत होता, आणि ती अंगठ्याकडे बघून लिहीत होती.

"दुसऱ्याचा हात काम करताना बघितला की आपलाही तयारीत येतो, असं असतं काका. आरशातला स्वतःचा हात तुम्हाला पटला नाही. यांचा पटतोय."

"पटत नाही म्हणूनच तर ओरडतो."

"तेच. रोज तीन तास इथे बसायचं. बघायचं आणि ओरडायचं."

"ओरडायचं?"

"माझ्या लेखी तो व्यायाम आहे."

'बोला' असं सांगणारं पहिलं शहाणं माणूस भेटलं म्हणून बिनपाणी खूश झाला. जाताना मुलगी धाकट्याशी दाराबाहेर दोन मिनिटं काहीतरी बोलली. बिलाबद्दल असेल, असं त्याला वाटलं.

मग तो उद्योग महिनोन्‌महिने चालला. धाकटा चुकायचा, थोरला गरजायचा, अंगठा हलायचा. मग धाकटा हात सुधारून घ्यायचा आणि दाढी पुरी करायचा. कधी अंगठा वर, कधी बोटं फार जवळ, कधी ताण उलट्या दिशेला. "ताण केसाच्या उलट, ठोंब्या! सुलट ताणून काय गाल पुसतोयस?" आणि बिनपाण्याची दोन बोटं मांडीवर पसरायची. नवी गिऱ्हाइकं दचकायची, जुनी पैज लावायची की आज किती वेळा 'गाढव' होईल. धाकट्याने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. बिनपाण्याच्या मते देणार कसा. चूक डोळ्यांसमोर होती.

मुदतीच्या पाचव्या महिन्यात ओरडल्याशिवायही अंगठा निघायला लागला, पण ओरडलं की चांगला निघायचा. सहाव्यात दुपारच्या निवांत वेळी धाकटा खुर्चीत बसायचा आणि बिनपाणी त्याच्या गालावर डावा हात ठेवायचा, वस्तरा नाही, नुसता हात. स्पर्श अर्धवट कळायचा. हात कुठे आहे ते बघून ठरवावं लागायचं. आठव्यात वस्तरा उचलला. दोन्ही गाल जमले, संथ, पण साफ. हनुवटी जमली. गळा जमेना. गळ्याची कातडी कुठवर सैल आहे ते बोटांनाच कळायला हवं, आणि बोटांपर्यंत ते पोचत नव्हतं. वस्तरा गळ्याशी नेला की तो स्वतःच मागे घ्यायचा. "राहू दे दादा, उद्या," धाकटा दरवेळी म्हणायचा.

वर्ष संपायला एक दिवस उरला होता. त्या सकाळी केंद्राला सुट्टी होती हे बिनपाणी विसरला, तिथे कुलूप बघून तसाच दुकानाकडे वळला, आणि रोजच्यापेक्षा दोन तास आधी पोचला. काचेच्या दारापाशी तो थांबला.

आत धाकटा एकटा होता आणि दोन नंबरच्या खुर्चीत कोपऱ्यावरचा म्हातारा घड्याळजी. ऐंशीच्या पुढचा. त्याच्या गळ्याला कातडीचे पडदे लोंबत होते. त्या गळ्याला, बिनपाण्याच्या माहितीत, त्याच्याशिवाय कधी कुणी हात लावला नव्हता. बिनपाणी ओरडायला दार ढकलणार होता. मग त्याने धाकट्याचा डावा हात बघितला.

अंगठा एकदाच टेकला आणि हलला नाही. बोटं कानाखालून सरकत गेली, पडदा उचलला गेला, सपाट झाला, वस्तरा त्यावरून गेला, पडदा अलगद खाली आला, पुढचा उचलला गेला. बोटं वस्तऱ्याच्या आधी पोचत होती. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले होते. तो झोपला होता. वस्तरा गळ्यावर असताना झोपलेलं गिऱ्हाईक बिनपाण्याने चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याच्या खुर्चीत लोक जागे असायचे, काय बोलेल या धास्तीने. असा हात त्याने एकाच माणसाचा पाहिला होता. बापाचा.

त्याची नजर फळीवर गेली. तिथे तुरटीचा खडा होता, कापलं की लावायचा. आठ महिने रोज तीन तास हा माणूस त्याच्यासमोर चुकत होता, आणि खडा तेवढाच होता, कोरडा, वर धूळ. एवढ्या चुका, आणि एकाला ओरखडा नाही. हे एखाद्या आंधळ्यालाही दिसलं असतं.

"पुरे. जा," बापाने चौथ्या दिवशी म्हटलं होतं. चौथ्या दिवशी धाकट्याच्या हातात फुगा शाबूत होता. तोही बिनपाण्याने तेव्हा पाहिला होता.

त्याला आधी राग आला. मग लाज वाटली, आणि लाजेची सवय नसल्यामुळे तिचं काय करायचं ते कळेना. "कमी वापराचा हात," तो काचेशी पुटपुटला. घड्याळजी उठेपर्यंत, टॉवेलने तोंड पुसून बाहेर पडेपर्यंत तो रस्त्यात उभा राहिला.

आत गेल्यावर त्याने विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"अंगठा. चुकीचा."

धाकटा वस्तरा पुसत होता. पुसून झाला तरी पुसत राहिला. "पेपर ओढलास ना, त्या दिवशी खरंच चुकला होता. घाईत. त्यानंतरचे मुद्दाम. ती मुलगी पण म्हणाली, चुकत राहा."

"आणि त्याआधी? तीस वर्षं?"

"त्याआधी तू कधी बघितलंच नाहीस, दादा."

हे त्याने रागाने म्हटलं नाही. त्याने ते दुकानाचं दार कधी उघडतं हे सांगावं तसं सांगितलं.

बिनपाण्याने एक नंबरच्या खुर्चीवरची टॉवेलांची चळत उजव्याने उचलली, डाव्याने खालून आधार दिला, आणि बाकावर ठेवली. मग तो खुर्चीत बसला. आरशात दीड वर्षाची पांढरी दाढी दिसली.

"कर," तो म्हणाला.

"उद्या तू माझी करणार होतास."

"गाल करीन. गळा मला जमत नाही." आयुष्यात हे वाक्य त्याने कुणाविषयी तरी रोज वापरलं होतं, स्वतःविषयी पहिल्यांदाच. "कसा धरतोस ते दाखव. मुद्दाम चुकू नकोस."

"आणि खुर्ची?"

"हलवायची नाही. तू उभा राहायचंस हिच्यामागे. बेसिन बसव तिकडे दोन नंबरला."

धाकट्याने आधी कात्रीने दाढी कमी केली, मग फेस केला, तीस वर्षं करत होता तसाच, पण लावून बाजूला झाला नाही. गाल झाले. हनुवटी झाली. बिनपाण्याने सवयीने तोंड उघडलं, आरशात त्या डाव्या हातात काही खोट सापडते का बघितलं, आणि पुन्हा मिटलं. त्याचा स्वतःचा डावा मांडीवर पडला होता. त्याला चेव आणायला आज काही नव्हतं.

"मान वर," धाकटा म्हणाला.

तीस वर्षांत त्याने थोरल्याला काही करायला सांगितलं ते हे पहिलं. बिनपाण्याने मान वर केली. गळ्याखाली अंगठा टेकला तेव्हा त्याने आपला अंगठा हळूच मांडीवर टेकवून बघितला, जमतंय का.